उभ्या गाडीची बॅटरी कुठे गळते? मल्टीमीटर घेऊन शोधायची रीत

आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकांनी दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. सात वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. वापर रविवारपुरता. तक्रार एकच: "रविवारी लावतो, गुरुवारी सेल्फ घेत नाही." दुकानात नेली की बॅटरी कमजोरच निघायची, कारण ती खरोखरच कमजोर झालेली असायची. पण ती का झाली, हे कुणी मोजून पाहिलं नाही.

गाडीची बॅटरी थोड्या वेळासाठी मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. ती पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरली आणि तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचा कठीण थर धरतो आणि मग ती पूर्ण चार्जच होत नाही. गळती, म्हणजे गाडी बंद असतानाही वाहत राहणारा करंट, तशीच ठेवून नवी बॅटरी बसवली, तर त्या नव्या बॅटरीचंही तेच होणार. म्हणून मी प्रत्येकाला आधी करंट मोजायला सांगतो. स्थानिक दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळणारा पिवळा डिजिटल मीटरही या कामाला पुरतो.

आकडे आधी डोक्यात ठेवा

चावी काढलेली, दारं बंद, तरी गाडी थोडा करंट घेतेच. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी हे सगळं जागं असतं. २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ ते ०.०५ अँपिअर, हे बहुतेक गाड्यांत चालून जातं. भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या मोठ्या गाडीत थोडं जास्त दिसू शकतं.

छोट्या गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे एक अँपिअर ढोबळमानाने ३५ तास पुरेल इतकी. गळती ०.०३ अँपिअर असेल तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवरसुद्धा जात नाही, तीन आठवडे उभी राहिलेली गाडीही सुरू होते. तीच गळती ०.३ अँपिअर असेल तर दिवसाला ७.२ जातात आणि चार दिवसांत जवळपास २९. काकांचा गुरुवार इथेच दिसतो. डिकीतला ५ वॅटचा साधा दिवा जळत राहिला तर तो ०.४ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे एवढासा दिवाही पुरेसा आहे.

बॅटरी स्वतःच दोषी नाही ना?

ही पायरी लोक गाळतात आणि मग फ्यूज बॉक्स उघडून दोन तास वाया घालवतात. बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, चार-सहा तास तशीच ठेवा, मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही टर्मिनलवर लावा. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा खोटा वर दिसतो, म्हणून विश्रांती हवीच.

आता निगेटिव्हची केबल काढून रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ असलेलं १२.२ वर आलं असेल, तर गाडीला काहीच जोडलेलं नसताना बॅटरी उतरली. मग ती बदलायलाच हवी आणि पुढचं काही करायची गरज नाही. आकडा जागेवर असेल तर बॅटरी ठीक आहे, वीज गाडीत जाते आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरी आपोआप थोडी जास्त उतरते, पण एका रात्रीत इतकी नाही.

बॅटरीच्या वरचा भागही बघा. धूळ आणि आम्लाचा ओलसर थर साचला की त्यातूनही थोडा करंट वाहतो. मीटरची काळी टोच निगेटिव्हवर ठेवा आणि लाल टोच प्लास्टिकच्या पृष्ठभागावर फिरवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडं करा. झाकणांच्या फटीतून ते पाणी आत जाऊ देऊ नका.

मग इंजिन चालू करून टर्मिनलवर मोजा. १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवं. नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो आणि आकडा वर-खाली होतो, त्याने घाबरू नका. पण सतत १२.५ वर अडकलेला असेल तर चार्जिंगच होत नाही. दोन किलोमीटरवरच्या स्टेशनापर्यंत रोज जाऊन-येऊन गाडी लावणाऱ्यांचीही बॅटरी हळूहळू उतरते. त्यात गळती नसते, भरपाई कमी पडते.

मीटरची ओळख

करंट मोजताना मीटर वाटेत बसवायचा असतो. सगळा करंट त्याच्या आतून जातो. म्हणून लाल वायर व्होल्टच्या भोकातून काढून १० अँपिअर लिहिलेल्या भोकात घाला, काळी COM लिहिलेल्या भोकातच राहील, आणि गोल खटका १० अँपिअर डीसीवर फिरवा.

मिलिअँपिअरच्या भोकापासून सुरुवात कधीही करू नका. तिथे २०० मिलिअँपिअरचा बारीक फ्यूज असतो. केबल जोडताक्षणी गाडीतले सगळे कॉम्प्युटर जागे होतात, एकदम काही अँपिअर ओढतात आणि तो फ्यूज जातो. मग मीटर शून्य दाखवतो आणि माणूस समजतो की गळतीच नाही.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे घ्या. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना दोन्ही टोच बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर लावणं म्हणजे थेट शॉर्ट सर्किट. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजच नसतो. वायर वितळते, हात भाजतो. करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घालायची सवय लावा.

क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, असेल तर तो डीसी मोजणारा आहे का ते बघा. घरगुती वायरिंगसाठी वापरतात तो बहुधा फक्त एसीचा असतो आणि इथे काही दाखवत नाही.

गाडीला झोपवायची तयारी

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी नुकतीच चार्ज केली असेल तर हवा खेळती ठेवा, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत जाड नारिंगी केबल दिसेल, तिच्या वाटेला जाऊ नका. खाली सांगितलेलं सगळं फक्त १२ व्होल्टच्या बाजूचं आहे.

डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सपर्यंत पोहोचायचं म्हणजे दार उघडं लागणार, पण दार उघडं असलं की गाडी झोपत नाही, म्हणजे तिचे कॉम्प्युटर शांत होत नाहीत. उपाय सोपा आहे. दाराच्या कडेला जे कुलूप असतं, त्यातला हूक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, दार लागलं असं गाडीला वाटेल. जुन्या गाड्यांत दाराच्या खांबावर रबरी बटण असतं, ते चिकटपट्टीने दाबून ठेवा. काम संपल्यावर दार लावण्याआधी हँडल ओढून तो हूक मोकळा करा, नाहीतर दार आपटून कुलूप वाकतं.

बॉनेटखाली अलार्मचा स्विच असेल तर तोही दाबून ठेवा. बिनचावीची गाडी असेल तर रिमोट घरात ठेवून या. खिशात असला तर गाडी त्याला शोधत जागी राहते. १२ व्होल्टच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर मात्र काढू नका! नेहमी तिथे असतो ना? मग चाचणीतही असू द्या, कदाचित तोच सापडायचा आहे.

मीटर वाटेत बसवणं

नेहमी निगेटिव्हच सोडवायचं. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह बॉडीलाच जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे पाना लागला तरी काही होत नाही. बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना चालतो.

केबल सरळ काढून मग मीटर लावला तर मधल्या क्षणी वीज तुटते आणि जोडल्यावर सगळे कॉम्प्युटर नव्याने जागे होतात. जो बिघाड एखाद्या मॉड्यूलच्या, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरच्या, न झोपण्यामुळे होता, तो अशा झटक्याने तात्पुरता बराही होतो आणि मग मीटरवर काही सापडत नाही. म्हणून वीज तुटू द्यायची नाही. दोन्ही टोकांना चिमटे लावलेल्या वायरी घ्या. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि लाल वायर केबलच्या क्लॅम्पवर अडकवा, क्लॅम्प अजून जागेवरच असताना. मग नट सैल करून क्लॅम्प अलगद वर उचला आणि बाजूला कापड गुंडाळून ठेवा. तेवढ्या वेळात चिमटे सुटू देऊ नका. आता करंट मीटरमधून जातो आहे.

गळती मोठी असेल अशी शंका असेल, उदाहरणार्थ गाडी एका रात्रीत मरत असेल, तर मीटरच्या आधी त्या जागी ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींवर लावून बघा. बल्ब झगझगीत पेटला आणि तसाच राहिला तर कुठेतरी मोठा भार किंवा शॉर्ट आहे. बल्ब करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडवून धरतो, म्हणून मीटर वाचतो. बल्ब मंद झाला किंवा विझला तर निर्धास्तपणे मीटर लावा.

मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही. स्टार्टर शंभर अँपिअरच्या वर ओढतो. घरात कुणी "जरा बघू सुरू होते का" म्हणणारं असेल, तर चावी तुमच्या खिशात राहू द्या. बिनचावीची असेल तर तेवढं घरच्यांना बजावा.

आता थांबा

मी लोकांना सर्वांत जास्त घाई इथे करताना पाहिलं आहे. क्लॅम्प उचलल्यावर पहिला आकडा दीड-दोन अँपिअरही दिसू शकतो. तो खरा नाही. मॉड्यूल एकेक करून झोपतात आणि आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. जुन्या साध्या गाडीत पाच मिनिटं पुरतात, नव्या गाडीत अर्धा तास, कधी तासाच्या जवळपास. चहा घेऊन या. परत येऊन दाराला, रिमोटला हात न लावता आकडा वाचा.

काकांच्या गाडीने पंचविसाव्या मिनिटाला ०.३१ वर बस्तान मांडलं आणि मग हललीच नाही. स्वस्त मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ०.०१ पर्यंतच दाखवतो, पण ०.०३ आणि ०.३१ यांतला फरक त्याला सहज कळतो. तेवढं पुरे.

आकडा दर काही मिनिटांनी वर जाऊन खाली येत असेल, तर काहीतरी मधूनमधून जागं होतं आहे. तिथे मीटर तासभर नजरेसमोर ठेवून उडीची वेळ कागदावर लिहावी लागते. कमाल-किमान नोंद ठेवणारा मीटर असेल तर ते काम तो करतो.

फ्यूज न काढता फ्यूज तपासा

बहुतेक गॅरेजांत एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते बघतात. ती रीत चालते, पण फ्यूज परत लावला की मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. तीस फ्यूज असतील तर संध्याकाळ होते. मला पुढची रीत फार आवडते, कारण एकच मीटर पुरतो आणि गाडीची झोपही मोडत नाही.

मीटर काढण्याआधी क्लॅम्प खुंटावर परत बसवा, मगच चिमटे सोडा. म्हणजे वीज तुटली नाही. बॅटरी आता नेहमीसारखी जोडलेली आहे. मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात, खटका २०० मिलिव्होल्टवर.

ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. दोन टोच त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. फ्यूजच्या तारेला थोडासा रोध असतो, म्हणून त्यातून करंट जात असेल तर दोन ठिपक्यांत अगदी छोटा व्होल्टेज फरक पडतो. ०.० दिसलं तर त्या वाटेने दखल घेण्याजोगं काही जात नाही, पुढे चला. काही दिसलं तर थांबा.

छोट्या आकाराच्या फ्यूजसाठी ढोबळ हिशोब असा. तपकिरी-पिवळट ५ अँपिअरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ६० मिलिअँपिअर. लाल १० अँपिअरवर सुमारे १३०. निळ्या १५ वर सुमारे २१०. पिवळ्या २० वर सुमारे ३००. फ्यूजचा आकार आणि बनावट बदलली की थोडा फरक पडतो, पण आपल्याला अचूक करंट नको आहे, गुन्हेगार फ्यूज हवा आहे.

बॉनेटखालच्या आणि डॅशबोर्डखालच्या दोन्ही पेट्या तपासा. झाकणाच्या आत नकाशा असतो, त्याचा आधी फोटो काढून ठेवा. काकांच्या गाडीत डॅशबोर्डखालच्या निळ्या फ्यूजवर १.३ मिलिव्होल्ट आलं, म्हणजे पाव अँपिअरहून जास्त. बाकी सगळीकडे शून्य किंवा ०.१. नकाशात तिथे आतला दिवा आणि ऑडिओ असं लिहिलं होतं.

फ्यूज सापडला, आता त्याच्या पुढे

एका फ्यूजवर तीन-चार वस्तू असतात. आधी डोळ्यांनी बघा. छतावरचा दिवा, ग्लोव्ह बॉक्स, डिकी. डिकीच्या दिव्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ लावून आत ठेवा आणि डिकी बंद करा, खरंच विझतो का ते कळेल. मग अंधारात ब्रेकचे दिवे बघा. पेडलचा स्विच अडकून ते जळत राहिलेलेही मी पाहिले आहेत. रिलेंच्या, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या डब्यांच्या, अंगावर हात ठेवा. गाडी तासभर बंद असूनही एखादा कोमट लागला तर तो चिकटलेला आहे.

पण माझा पहिला संशय नेहमी बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर असतो. टचस्क्रीन स्टिरिओ, डॅशकॅम, मागचा कॅमेरा, एलईडी पट्ट्या, जादा अलार्म, ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले तपासणीचं यंत्र लावतात ते) कायम खोचलेला ब्लूटूथचा तुकडा. कंपनीने गाडी बनवताना हिशोब केलेला असतो, अॅक्सेसरीच्या दुकानात घाईने मारलेल्या जोडाचा हिशोब कुणी केलेला नसतो. टॅक्सी-बससारख्या सार्वजनिक सेवेच्या वाहनांत लोकेशन ट्रॅकर नियमाने सक्तीचा आहे, तो काढायचा नाही, फक्त त्याचा भार धरून चालायचं. फास्टॅगवर मात्र उगाच संशय घेऊ नका, त्याला गाडीची वीज लागतच नाही.

काकांच्या गाडीत तीन वर्षांपूर्वी स्टिरिओ बदलला होता. तो पुढे ओढला. मागे पिवळी वायर असते, ती मेमरीसाठी कायम १२ व्होल्टवर. लाल वायर चावीवर, म्हणजे चावी काढली की शून्य व्हायला हवी. काळी अर्थिंगची, म्हणजे बॉडीला जाणारी. चावी बाहेर ठेवून लाल वायर आणि बॉडी यांच्यात मोजलं तर १२.४ व्होल्ट. पिवळी आणि लाल एकत्र पिळून टेप मारलेली होती. चावी नसतानाही गाणी लागावीत म्हणून, किंवा चावीवरची वायर शोधायचा कंटाळा म्हणून असं करतात. स्क्रीन काळी असायची, पण आतला कॉम्प्युटर चोवीस तास जागा.

लाल वायर सोडवून चावीवर चालणाऱ्या फ्यूजमधून घेतली. त्यासाठी फ्यूजच्या जागी बसणारी फाटा काढायची क्लिप मिळते, तिच्यात स्वतंत्र फ्यूज असतो. मूळ वायर सोलून जोड देण्यापेक्षा ती कितीतरी चांगली. वायरिंग करताना पिवळ्या वेष्टनातल्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

एकाही फ्यूजवर काही नाही, तरी गळती आहे

मग करंट फ्यूज बॉक्सला वळसा घालून जातो आहे. थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून घेतलेल्या वायरी बघा. बाहेरून बसवलेले हॉर्न, फॉग लॅम्प, अँप्लिफायर बहुधा असेच जोडलेले असतात. त्यानंतर अल्टरनेटर. त्याच्या आतल्या डायोडमधला (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतला) एखादा खराब झाला की बॅटरीचा करंट उलटा त्याच्यात जातो. निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडवा, तिचं टोक टेपने नीट झाका, मग पुन्हा मीटर लावून, गाडी झोपू देऊन मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटर उघडायला द्या. इथे काही जण इंजिन चालू ठेवून एसी व्होल्ट मोजायला सांगतात, पण स्वस्त मीटरची एसी रेंज डीसीवर लावली की भलताच आकडा दाखवते, तेव्हा त्यावरून अल्टरनेटर बदलू नका.

पावसाळ्यात दोन गोष्टी अजून बघा. कनेक्टरमध्ये पाणी जाऊन तांब्यावर हिरवट थर धरतो आणि त्यातून करंट पाझरतो. आणि उंदीर. इंजिनाच्या उबेला ते येतात आणि वायरचं वेष्टन कुरतडतात. लेंड्या दिसल्या तर टॉर्च घेऊन प्रत्येक जुडगा तपासा, विशेषतः इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचा.

परत जोडताना

दुरुस्तीनंतर पहिल्यासारखाच मीटर वाटेत बसवून, गाडी झोपू देऊन पुन्हा मोजायचं. हे टाळू नका, कधीकधी गळत्या दोन असतात. काकांच्या गाडीत आता ०.०३ आलं. क्लॅम्प घट्ट बसवून त्यावर थोडी पेट्रोलियम जेली लावली. चाचणीत मध्ये कधी वीज तुटली असेल तर घड्याळ लावावं लागतं, आपोआप वर जाणाऱ्या काचा एकदा पूर्ण वर-खाली करून बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, आणि काही स्टिरिओ कोड मागतात, तो हाताशी ठेवा.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून दिली आणि काकांना सांगितलं, गुरुवारी सुरू करायच्या आधी मला हाक मारा. गुरुवारी सकाळी बॉनेट उघडून मोजलं, १२.५५. काकांनी चावी फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. तिसऱ्या बॅटरीसाठी काढून ठेवलेले पैसे त्यांनी काकूंकडे परत दिले.